गांजाचा शरीरातला मुक्काम

चिलमीतून ओढलेल्या गांजाची नशा साधारण दोन ते चार तासांत उतरते. त्याची खूण मात्र लघवीत दोन-तीन दिवस राहते, आणि ओढणारा रोजचा असेल तर तीन-चार आठवडे. दारूच्या बाबतीत या दोन मुदती जवळजवळ एकच असतात. रक्तातील अल्कोहोल यकृत ठरावीक गतीने संपवत जाते आणि ते संपत आले की नशाही संपते. म्हणूनच श्वास तपासणाऱ्या यंत्रावरचा आकडा पाहून माणूस त्या वेळी कितपत झिंगला आहे, याचा अंदाज बांधता येतो. गांजाच्या बाबतीत तसा आकडाच नाही. लघवीत गांजा 'निघाला' म्हणून तो माणूस तपासणीच्या वेळी नशेत होता असे ठरत नाही, आणि तपासणी कोरी आली म्हणून त्याला काही अपाय झालेला नाही असेही ठरत नाही. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, पोलीस ठाण्यात आणि घरातल्या वादावादीतही या गोष्टींची सर्रास गल्लत होते. ती टाळायची तर हे द्रव्य शरीरात शिरते कसे, दडते कुठे आणि बाहेर पडते कसे, हे क्रमाने पाहावे लागते.

एकाच वनस्पतीपासून भारतात तीन पदार्थ होतात. पाने वाटून भांग होते, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवून गांजा होतो, आणि त्या शेंड्यांवरची चिकट राळ गोळा केली की चरस. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या 'एनडीपीएस'ने, गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. शेंड्यांविना असलेली पाने मात्र त्याच्या व्याख्येतून वगळली. म्हणून उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत, तर महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते आणि परवान्याशिवाय चालत नाही. कायद्यातला हा भेद शरीराला कळत नाही. वाराणसीत परवानाधारक दुकानातली ठंडाई पिऊन आलेला माणूस आणि मुंबईत टपरीमागे जॉइंट ओढलेला माणूस, या दोघांच्याही लघवीत तपासणीला एकच पदार्थ सापडतो.

भारतात हे सेवन किती आहे, याचा बऱ्यापैकी भरवशाचा अंदाज केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणातून मिळतो. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे २.८ टक्के लोकांनी, म्हणजे ३ कोटींहून अधिक माणसांनी, त्याआधीच्या वर्षभरात या तिन्हींपैकी काहीतरी घेतले होते. भांग घेणारे सुमारे २ कोटी २० लाख, तर गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. ज्यांना या सेवनापायी मदतीची गरज आहे, अशांची संख्या ७२ लाखांच्या आसपास होती.

नशा आणणारे मुख्य द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी. त्याची रचना १९६४मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी निश्चित केली. त्यासाठी लागलेला चरस मेशुलम यांनी पोलिसांकडून, जप्त मालातून मिळवला होता. ताज्या झाडात टीएचसी फारसे नसते, असते ते त्याचे आम्ल, आणि ते नशा आणत नाही. उष्णता लागली की आम्लाचे टीएचसी होते. चिलमीत हे काम विस्तव करतो, तर भांगेच्या जुन्या कृतींमध्ये भाजणे आणि उकळणे. टीएचसी पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. भांग दुधात घोटायची किंवा तुपात परतायची रीत रसायनशास्त्राच्या आधीपासून या गुणाचा उपयोग करत आली आहे. या द्रव्याच्या शरीरातल्या सगळ्या पुढच्या वागणुकीचे मूळही याच गुणात आहे.

मेंदूच्या पेशींवर टीएचसीला जागा देणारे ग्राहक १९८८मध्ये अमेरिकेत सापडले. त्यांना सीबी-१ म्हणतात. हे ग्राहक गांजासाठी अर्थातच बनलेले नाहीत. शरीर स्वतःच त्यांच्यासाठी एक द्रव्य तयार करते, आणि १९९२मध्ये ते मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत मिळाले. त्याचे नाव आनंदामाइड. स्मरण, हालचालींचा तोल, भूक, भीती आणि वेळेचे भान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत सीबी-१ दाटीने असतात, आणि गांजाचे सगळे परिचित परिणाम याच यादीतले आहेत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्यात मात्र ते फार विरळ आहेत. त्यामुळे गर्दच्या म्हणजे ब्राउन शुगरच्या जास्त मात्रेने श्वास थांबून माणूस दगावतो, तसा केवळ गांजाच्या मात्रेने प्रौढ माणूस दगावणे अत्यंत दुर्मीळ आहे. 'गांजाने काही होत नाही' हा समज बराचसा याच वस्तुस्थितीवर पोसला गेला आहे. पण जीव न जाणे आणि काही न होणे यांत बरेच अंतर आहे.

झुरका घेतल्यावर काही सेकंदांत टीएचसी रक्तात दिसू लागते. साधारण दहा मिनिटांच्या आत, बऱ्याचदा सिगारेट संपण्याच्या आधीच, रक्तातील त्याचे प्रमाण शिखर गाठते आणि तिथून झपाट्याने खाली येते. ओढलेल्यापैकी १० ते ३५ टक्केच टीएचसी रक्तापर्यंत पोहोचते. बाकीचे जळते किंवा सोडलेल्या धुराबरोबर जाते. गंमत अशी की रक्तातले प्रमाण उतरू लागलेले असताना नशा चढतच असते, कारण रक्त सोडून गेलेले टीएचसी मेंदूत आणि इतर अवयवांत शिरत असते. शिखर ओलांडल्यावर दोन-तीन तासांत, कधीमधी ओढणाऱ्याच्या रक्तात ते अगदी नाममात्र उरते.

पोटातून घेतले तर सगळे वेळापत्रक बदलते. भांगेतले टीएचसी आतड्यातून यकृतात जाते, तिथे त्याचा मोठा भाग रक्तात फिरण्याआधीच रूपांतरित होतो आणि मूळ टीएचसी फार तर दहा टक्क्यांच्या आसपास पुढे जाते. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. यकृतातून निघणारे ११-हायड्रॉक्सी टीएचसी स्वतःही नशा आणते, आणि तोंडावाटे घेतल्यावर त्याचे प्रमाण धुराच्या मानाने बरेच जास्त असते. म्हणून भांगेची नशा वेगळी आणि जड लागते. होळीला किंवा महाशिवरात्रीला रुग्णालयात आणाव्या लागणाऱ्यांची कहाणी बहुतेक एकसारखी असते: एका पेल्याने काहीच झाले नाही असे वाटले, म्हणून दुसरा घेतला, आणि तासाभराने दोन्ही एकदम चढले. धुराचा एकच फायदा आहे, तो म्हणजे अंदाज लगेच येतो. भांगेत तो येईपर्यंत पोटात गेलेले परत घेता येत नाही. घरात ठेवलेली भांगेची बर्फी मुलाने खाल्ली तर गाढ गुंगीपासून बेशुद्धीपर्यंत मजल जाऊ शकते, आणि अशा वेळी घरी वाट पाहत न बसता थेट रुग्णालय गाठावे लागते.

नशा ओसरल्यानंतरचा भाग संथ आहे. टीएचसी रक्तातून चरबीत जाऊन बसते. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या शरीरात हा साठा नगण्य असतो, पण रोज ओढणाऱ्याच्या चरबीत आधीचे बाहेर पडण्याआधी पुढचे येऊन पडते. ओढणे थांबवल्यावर हा साठा हळूहळू रक्तात झिरपतो, यकृतात त्याचे कार्बॉक्सी-टीएचसी होते, आणि ते बाहेर टाकले जाते. या कार्बॉक्सी-टीएचसीने नशा येत नाही, तरी बहुतेक तपासण्या शोधतात ते यालाच. दोन-तृतीयांशाच्या आसपास विष्ठेवाटे जाते आणि सुमारे एक-पंचमांश लघवीवाटे. पित्तातून आतड्यात उतरलेल्यातले काही पुन्हा शोषले जाऊन रक्तात परतते, त्यामुळेही मुक्काम लांबतो. एका मात्रेतले ८० ते ९० टक्के पाच दिवसांत निघून जाते. टीएचसीचे अर्धायुष्य, म्हणजे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, कधीतरी घेणाऱ्यात सुमारे दीड दिवसाचे, तर नेहमी घेणाऱ्यात ५ ते १३ दिवसांचे नोंदवले गेले आहे. एकाच पदार्थाच्या मुदतीविषयी दोन मित्र दोन वेगळी उत्तरे छातीठोकपणे देतात, आणि दोघेही खरे असू शकतात.

लघवीच्या तपासणीत प्रश्न 'आहे की नाही' असा नसतो, 'ठरवलेल्या रेषेच्या वर आहे का' असा असतो. पहिल्या चाचणीत, म्हणजे पट्टीवर किंवा यंत्रावर, रेषा बहुधा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमवर आखलेली असते. ती ओलांडली तर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने खातरजमा करतात, आणि तिथे प्रचलित रेषा १५ची आहे. ५०च्या रेषेवर एकदाच ओढणारा तीन-चार दिवसांत कोरा ठरतो, तर रोज ओढणारा साधारण दहा दिवसांत. रेषा २०वर आणली की रोजच्या माणसाची मुदत तीन आठवड्यांपर्यंत लांबते. १९८५च्या एका गाजलेल्या अभ्यासात वर्षानुवर्षे भरपूर ओढणाऱ्यांना देखरेखीखाली ठेवले होते. त्यातल्या एकाला सलग दहा दिवस कोरे नमुने द्यायला ७७ दिवस लागले. 'गांजा शरीरात तीन महिने राहतो' हे सरसकट वाक्य अशाच टोकाच्या उदाहरणांतून आले असावे. शिवाय शेवटी-शेवटी निकाल सरळ रेषेत उतरत नाहीत. आज कोरा, उद्या पुन्हा वर, असे चार-दोन दिवस चालते, कारण पाणी कमी-जास्त प्यायल्याने लघवीची दाटी रोज बदलते.

रेषा कुठे ओढायची हा शेवटी धोरणाचा प्रश्न असतो. क्रीडाजगताने हे दोनदा अनुभवले. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटीचे स्नोबोर्डिंगमधले सुवर्णपदक लघवीतल्या १७.८ नॅनोग्रॅममुळे काढून घेतले गेले. आपण धुराच्या सहवासात होतो, असा त्याचा खुलासा होता. दोन-तीन दिवसांत लवादाने पदक परत दिले, पण खुलासा पटला म्हणून नव्हे, तर ऑलिंपिक समितीच्या निषिद्ध यादीत गांजा स्पष्टपणे नव्हता म्हणून. पुढे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने गांजा स्पर्धाकाळापुरता निषिद्ध केला, आणि १५ नॅनोग्रॅमची मर्यादा २०१३मध्ये एकदम १५०वर नेली. आठवड्यापूर्वीचा झुरका नव्हे, स्पर्धेच्या आसपासचे सेवन पकडायचे आहे, असा त्यामागचा हेतू होता. तरीही २०२१मध्ये अमेरिकेच्या शकॅरी रिचर्डसनला महिनाभराच्या बंदीमुळे टोकियोतील १०० मीटर शर्यतीला मुकावे लागले. क्रीडासंस्था ही रेषा १५०वर नेऊ शकली, तशी ती नोकरदाराला नेता येत नाही.

शेजारी बसून धूर गेल्याची सबब नेहमी ऐकू येते. बंद खोलीत, हवा खेळती नसताना, दाट धुरात तासभर बसवलेल्या लोकांवर प्रयोग झाले आहेत. त्यांच्या लघवीत अल्प प्रमाण काही तास सापडले, पण ५०ची रेषा ओलांडणारे अपवादानेच निघाले. मैफलीत चार हात लांब उभे राहून तपासणी फसण्याची भीती जवळपास नाही.

रक्त, लाळ आणि केस यांची उत्तरे वेगवेगळी असतात. कधीतरी ओढणाऱ्याच्या रक्तात टीएचसी फार तर दिवसभर सापडते. रोज ओढणाऱ्याच्या रक्तात मात्र पूर्ण बंद केल्यावरही अत्यल्प टीएचसी महिन्यापर्यंत आढळले आहे. लाळेत सहसा एक दिवस, नेहमीच्या माणसात दोन-तीन दिवस. लाळेत सापडते ते मुख्यतः तोंडात अडकलेले धुरातले टीएचसी, म्हणून ताज्या सेवनाचा अंदाज घ्यायला ती जास्त उपयोगी. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे मुळापासून तीन सेंटिमीटर घेतला की तीन महिन्यांचा काळ हाती येतो. पण टीएचसी केसात फार कमी उतरते. एखाद्या वेळचे सेवन केसात बहुधा दिसतच नाही, नियमित सेवन दिसते.

पट्टीची चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती चुकूही शकते. एचआयव्हीच्या उपचारात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एफाव्हिरेंझमुळे काही पट्ट्यांवर गांजा असल्याचा खोटा निकाल येतो. दुसऱ्या पद्धतीने खातरजमा न करता पट्टीवरून कोणाची नोकरी घालवणे हा अन्यायच.

लिंबूपाणी, ताक, क्रॅनबेरीचा रस, घाम गाळणे, नायसिनच्या गोळ्या, 'डिटॉक्स' म्हणून विकली जाणारी पेये: शरीर लवकर 'साफ' करण्याच्या या उपायांपैकी कशानेही चरबीतले टीएचसी लवकर बाहेर पडत नाही. भरपूर पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते, पण प्रयोगशाळा लघवीतले क्रिएटिनिन (तिची दाटी दाखवणारे द्रव्य) आणि घनताही पाहते, आणि पातळ नमुना पुन्हा मागवला जातो. नायसिनच्या मोठ्या मात्रेने लोक यकृताला इजा होऊन रुग्णालयात पोहोचले आहेत, म्हणजे इथे औषध रोगापेक्षा महाग पडले. व्यायामाचे उलटेच दिसते. २०१३च्या एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात नियमित ओढणाऱ्यांना ३५ मिनिटे स्थिर सायकल चालवायला लावली, तेव्हा चरबी वितळल्याने रक्तातले टीएचसी थोडेसे वाढले. वाढ इतकी कमी होती की कोणाला पुन्हा नशा चढली नाही.

भारतात या चाचण्यांशी सर्वाधिक संबंध येतो तो खलाशी आणि वैमानिकांचा. मुंबईतल्या शिपिंग कंपन्यांमार्फत जहाजावर जाणाऱ्या कोकणातल्या मुलांना चढण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत लघवी द्यावी लागते, आणि जहाजावरही अचानक तपासणी होते. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या अशा तपासण्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२२पासून लागू केल्या. त्या द्रव्यांच्या यादीत गांजा आहे. सुट्टीत घेतलेली भांग कामावर कोणाच्या जिवाशी खेळते असे नाही, पण हे पट्टीला ओळखता येत नाही आणि नियमही ते विचारत नाही. रस्त्यावर परिस्थिती वेगळी. मोटार वाहन कायद्यात दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अमली द्रव्यासाठी आकडा नाही, वाहनावर ताबा राखता न येण्याइतका अंमल असला पाहिजे असे म्हटले आहे. जर्मनीने २०२४मध्ये रक्तद्रवाच्या मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम टीएचसी अशी मर्यादा ठरवली. पण रोज ओढणारा पूर्ण शुद्धीत असतानाही तिच्या आसपास असू शकतो, आणि भांग प्यायलेला चांगलाच झिंगलेला असूनही तिच्या खाली राहू शकतो. आकड्याची ही अडचण कायद्याने सुटणारी नाही, कारण ती मुळात चरबीत आहे.

गाडी न चालवता केलेले सेवन हाही भारतात गुन्हाच आहे. एनडीपीएसच्या कलम २७नुसार गांजा-चरसाच्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

धोक्यांचे वेळापत्रक या मुदतींपेक्षा स्वतंत्र आहे. पहिल्या तासात भार पडतो तो हृदयावर: नाडी मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढते, उभे राहताना रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. तरुण, निरोगी माणसाला हे सहसा निभावते. पण हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ३८००हून अधिक रुग्णांच्या २००१च्या अमेरिकी अभ्यासात, ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या जवळजवळ पाचपट आढळला. पन्नाशीतला, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस 'नैसर्गिक आहे' म्हणून भांगेचा पेला हातात घेतो, तेव्हा वाढलेला ठोका त्याच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना परवडेलच असे नाही. याच तासांत धाप, छातीत धडधड, आपण आता मरणार अशी भीती, कोणी पाठलाग करतंय असा संशय हेही होते, विशेषतः नवख्यांना आणि भांगेतून मोठी मात्रा गेलेल्यांना. शांत जागी, ओळखीच्या माणसाच्या सोबतीत ते बहुधा काही तासांत निवळते. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा भ्रम दुसऱ्या दिवशीही टिकला असेल, तर डॉक्टरांची गरज आहे. दारूसोबत घेतल्यास दोन्हींचा अंमल वाढतो आणि गाडी चालवणे दुहेरी धोक्याचे होते. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यात औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला गांजाविषयी खरे सांगावे लागते ते पोलिसांच्या भीतीने नव्हे, भुलेची मात्रा त्यावर अवलंबून असते म्हणून.

मनोविकाराचा प्रश्न सर्वांत जुना आहे. वेड्यांची इस्पितळे गंजेकसांनी भरली आहेत, या आरोपाची शहानिशा करायला ब्रिटिश सरकारने १८९३मध्ये भारतीय भांग-गांजा आयोग नेमला. आयोगाने देशभर अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या. इस्पितळांच्या दप्तरांत १८९२मध्ये २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा असे लिहिलेले होते. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले तेव्हा ९८ जणांच्याच बाबतीत गांजाचा हात असू शकतो असे निघाले. वेडाचे कारण लिहिण्यासाठी छापील रकाना होता, सोबतचे पोलीस काहीतरी सांगत, आणि गांजा हे सोयीचे उत्तर होते. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. गांजाच्या समर्थनार्थ तो आजही पुढे केला जातो. तो प्रामाणिक तपासाचा निष्कर्ष होता हे खरे, पण तो त्या काळच्या मालाविषयी आणि त्या काळच्या साधनांनी काढलेला होता.

पुढचे पुरावे वेगळे बोलतात. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. भरतीपर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट असल्याचे १९८७मध्ये मांडले गेले. २०१९मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांच्या अभ्यासात रोज घेणाऱ्यांत मनोविभ्रमाच्या आजाराची शक्यता सुमारे तिप्पट आढळली, आणि १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत जवळपास पाचपट. यात कार्यकारणभाव किती आणि आजाराकडे आधीच झुकलेली माणसे गांजाकडे ओढली जाण्याचा भाग किती, हा वाद संपलेला नाही. बहुसंख्य घेणाऱ्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही. पण आई-वडील किंवा भावंडांत हा आजार असेल, किंवा स्वतःला एकदा तरी भास झाले असतील, तर ओढण्याची जोखीम इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे. लघवी किती दिवसांत कोरी येते याच्याशी या जोखमीचा काहीही संबंध नाही.

वय हा दुसरा मोठा घटक. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि त्या घडणीत शरीराचे स्वतःचे आनंदामाइड भाग घेत असते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारेक मुलांचा ३८व्या वर्षापर्यंत अभ्यास झाला. कुमारवयात सुरुवात करून वर्षानुवर्षे गांजाच्या आहारी राहिलेल्यांच्या बुद्ध्यंकात सुमारे ८ अंकांची घट २०१२मध्ये दाखवली गेली. २०१६मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांच्या अभ्यासात मात्र ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या भावंडांत तसा फरक आढळला नाही. घट गांजामुळे की घरच्या परिस्थितीमुळे, हे त्यामुळे अनिर्णित आहे. वर्गात बसून रोज झिंगलेल्या मुलाचे शिक्षण बुडते, याला मात्र कोणत्याही अभ्यासाची गरज नाही.

फुफ्फुसांचे नुकसान बरेचसे धुराचे आहे. भारतात गांजा बहुतेक वेळा तंबाखूत मिसळून ओढतात, आणि कित्येक मुलांना तंबाखूची सवय जॉइंटमधूनच लागते. जुनाट खोकला, कफ आणि श्वासनलिकांचा दाह नियमित ओढणाऱ्यांत नक्कीच वाढतो. वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्या काहींना असह्य उलट्यांचे झटके येऊ लागतात, आणि गरम पाण्याने अंघोळ केल्याशिवाय चैन पडत नाही. हा विकार २००४मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रथम नोंदवला गेला. पोटाच्या सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नसेल आणि रुग्ण दिवसातून अनेकदा अंघोळ करत असेल, तर डॉक्टरांनी गांजाविषयी विचारायला हवे. टीएचसी वारेतून गर्भापर्यंत जाते आणि कमी वजनाच्या बाळाची शक्यता वाढवते. आईच्या दुधात ते एका मात्रेनंतर सहा दिवसांपर्यंत आढळले आहे, आणि २०२१च्या एका अभ्यासात पूर्ण थांबल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत.

मालही बदलला आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४पर्यंत १२च्या आसपास पोहोचले. महाराष्ट्रात येणारा बराचसा गांजा आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगराळ भागातला, काही शिरपूरसारख्या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत कपाशी-तुरीच्या आड लावलेला. पण थायलंडने २०२२मध्ये निर्बंध सैल केल्यानंतर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत 'हायड्रोपोनिक' गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वारंवार येऊ लागल्या. हा बंदिस्त जागेत, दिव्यांखाली वाढवलेला, जास्त जहाल आणि महाग माल असतो. मात्रेचा जुना अंदाज त्याला लागू पडत नाही. त्याहून धोकादायक ती प्रयोगशाळेत बनवलेली गांजासदृश रसायने, पाश्चात्त्य बाजारात 'स्पाइस' किंवा 'के-टू' नावाने विकली गेलेली. टीएचसी सीबी-१ ग्राहकाला अर्धवट चेतवते, ही रसायने त्याला पूर्ण चेतवतात. त्यांनी झटके येतात, मूत्रपिंडे निकामी होतात आणि मृत्यूही झाले आहेत. नेहमीच्या गांजाच्या पट्टीवर ती दिसत नाहीत, म्हणजे इथे तपासणी कोरी येऊनही धोका सर्वांत मोठा असतो.

व्यसनाचे प्रमाण अमेरिकी पाहण्यांनुसार, कधीतरी घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के आणि कुमारवयात सुरुवात केलेल्यांत सुमारे १७ टक्के आहे. गांजा सोडल्यावर गर्दसारखी 'टर्की', म्हणजे सोडतानाचा तीव्र शारीरिक त्रास, होत नाही, म्हणून तो सोडताना काही त्रास होतच नाही असे मानतात. प्रत्यक्षात चिडचिड, झोप उडणे, विचित्र स्वप्ने, भूक मरणे, घाम आणि अस्वस्थता एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात टोक गाठतात आणि दोन-तीन आठवडे रेंगाळतात. मेंदूच्या प्रतिमांत दिसते की रोजच्या सेवनाने सीबी-१ ग्राहकांची संख्या घटलेली असते, ती सोडल्यापासून दोन दिवसांतच वर येऊ लागते आणि चारेक आठवड्यांत बहुतेक भागांत पूर्ववत होते. हे वेळापत्रक माहीत नसलेले लोक नेमक्या चौथ्या-पाचव्या दिवशी, 'याच्याशिवाय आपल्याला झोपच येत नाही' असे ठरवून पुन्हा सुरू करतात.

गांजाच्या व्यसनावर ठोस औषध नाही. समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि झोप-चिंता यांवरचे तात्पुरते उपचार यांचाच आधार असतो. पुण्यात १९८६मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण गर्दच्या लाटेतून उभे राहिले, आज तिथे इतर व्यसनांबरोबर गांजाचे रुग्णही येतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ या क्रमांकांवर विनाशुल्क उपलब्ध आहेत. एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, पण उपचार पूर्ण केले तरच. उपचार चालू असताना लघवी तपासली तर पहिले काही आठवडे पट्टी 'आहे' असेच सांगत राहते, आणि प्रामाणिकपणे सोडलेला रुग्ण घरच्यांच्या नजरेत खोटा ठरतो. त्यावर उपाय आहे: कार्बॉक्सी-टीएचसीच्या आकड्याला क्रिएटिनिनच्या आकड्याने भागायचे, आणि किमान एका दिवसाच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांची तुलना करायची. नंतरचे गुणोत्तर आधीच्या निम्म्याहून बरेच जास्त निघाले तर मधल्या काळात नवे सेवन झाल्याची शंका घेतात. ते ओळीने उतरत असेल, तर लघवीत दिसतो तो जुनाच साठा असतो.